ऑर्विन्डेलमध्ये तोंड उघडावं लागेल

ऑर्विन्डेल नावाचा खेळ यायचा होता. आधी तो पाडव्याच्या सुमाराला येणार होता. मग 'उन्हाळ्यात' आणि नंतर 'शरदात'. आता कंपनीने चौथ्यांदा कळवलं होतं, 'हिवाळ्यात, पूर्ण तयार झाल्यावर.' हे वाचून उत्तमराव साळवींनी चष्मा काढून टेबलावर टाकला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "हिवाळा ही काय वेळ झाली का?"

"कसली वेळ?" आतून कलावतीबाईंनी विचारलं.

"सुटायची! तारीख नाही, वार नाही, आणि म्हणे हिवाळ्यात. माझ्या खिडकीवर असं सांगितलं असतं ना, तर पब्लिकने काच फोडली असती."

त्यांचा राग अगदीच अस्थानी नव्हता. एकतीस वर्षं ते ठाण्यातल्या खोपटच्या एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक होते. गाडी कधी सुटणार ते सांगायचं, हाच त्यांचा धंदा. साडेनऊची गाडी साडेअकराला सुटेल, हे प्रवाशाच्या डोळ्यात डोळे घालून सांगायला छातीच लागते, आणि ती त्यांच्याकडे होती. आता खरं सांगायचं तर 'येतेच आहे' म्हणून त्यांनीही हजारो लोकांना बाकड्यावर बसवून ठेवलं होतं. पण ती गाडी निदान कुठल्यातरी रस्त्यावर असायची. ही कंपनी कुठे होती, कोण होती, तिचा डेपो कोणता, काही पत्ता नव्हता.

त्रेसष्ट वर्षांचा निवृत्त माणूस डोंबिवली पूर्वेच्या दोन खोल्यांत बसून जादूच्या खेळाची वाट बघतो, याचं शेजाऱ्यांना हसू येई. येऊ दे. जगभरातले हजारो लोक आपापल्या घरी बसून एकाच वेळी एकाच मायावी राज्यात खेळतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं, कुणी राक्षस मारतो, कुणी जखमा बांधतो, एवढं त्यांना आता पाठ झालं होतं. पण उत्तमरावांना ना राक्षसाचं कौतुक होतं ना राज्याचं. त्यांना त्यांच्या मुलीशी बोलायचं होतं. मुलगी राहत होती ठाण्यात, कोपरीला. डोंबिवलीहून अर्ध्या तासाचा रस्ता.

आता अर्ध्या तासाच्या रस्त्यासाठी मायावी राज्य कशाला लागतं, हे सांगायचं तर त्यांच्या तोंडापासून सुरुवात करावी लागेल.

सहा वर्षांपूर्वी शिवानीने नेविलशी लग्न ठरवलं. नेविल उत्तनच्या मच्छीमार ख्रिस्ती घरातला. घरी मराठीच बोलणारा, पगारी नोकरीचा, निर्व्यसनी पोरगा. नाव ठेवायला जागा नव्हती, आणि त्याचाच उत्तमरावांना जास्त राग आला. भावकीत काय तोंड दाखवू, म्हणाले. शिवानी म्हणाली, "दाखवू नका मग." झालं. उत्तमराव उठले, देव्हाऱ्यातल्या नारळावर हात ठेवला आणि गावच्या वाघजाईची शपथ घेतली, "या तोंडातून तुझ्याशी एक शब्द जरी काढला, तर वाघजाई मला बघून घेईल."

संगमेश्वराकडच्या त्यांच्या गावात वाघजाईची शपथ म्हणजे पोरखेळ नव्हे. त्यांच्या चुलत्यांनी बांधाच्या भांडणात घेतलेली शपथ मोडली आणि महिन्याभरात गोठ्यातला बैल गेला, हे त्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेलं. बैल म्हातारा होता, असं कलावतीबाई म्हणत. पण त्या पडल्या घाटावरच्या. त्यांना कोकणातल्या देवी काय कळणार!

तर अबोला सुरू झाला. आपल्याकडे अबोल्याचीही एक रीत असते. माणूस समोरच्याशी बोलत नाही, पण तिसऱ्याला सांगतो, "तिला म्हणावं, जेवून घे." उत्तमरावांनी तेवढीही फट ठेवली नाही. शिवानी घरी येणार म्हटलं की ते पिशवी घेऊन बाहेर पडत आणि ती गेल्याची खात्री झाल्याशिवाय परतत नसत. शेवटी तिने येणंच बंद केलं. मायलेकी ठाण्यात जांभळी नाक्याला भेटत, खरेदी करत, फोनवर तासन् तास बोलत. उत्तमराव पेपरात डोकं घालून ऐकत. कान सगळे तिकडे आणि डोळे एकाच बातमीवर, अशी तीन वर्षं गेली.

मग ते निवृत्त झाले. घरात शिवानीचा जुना कॉम्प्युटर पडून होता. एका दुपारी तो त्यांनी धूळ पुसायला म्हणून चालू केला. त्यात तिचा खेळ निघाला, आताच्या खेळाचा थोरला भाऊ, जुना ऑर्विन्डेल. लग्नाआधी ती यात रात्रंदिवस बसायची आणि हे ओरडायचे. त्यांनी आठवडाभर खटपट करून स्वतःचं खातं उघडलं. पात्र घेतलं कुऱ्हाडवाल्या बुटक्याचं. नाव विचारलं, तेव्हा दुसरं काही सुचलंच नाही. 'खोपट_नियंत्रक' असं टाइप केलं.

चौथ्या दिवशी एका पुलावर हिरव्या झग्यातली एक वैदीण त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. डोक्यावर नाव होतं, 'कडुलिंब'. खालच्या चौकटीत अक्षरं उमटली, "बाबा?"

उत्तमराव दहा मिनिटं त्या शब्दाकडे बघत बसले. मग एका बोटाने टाइप केलं, "इथे बाबा कोणी नाही. लांडगे कुठल्या फलाटावर लागतात?"

"या माझ्यामागून," वैदिणीने लिहिलं.

शपथ तोंडाची होती. हाताची घेतलीच नव्हती. वाघजाई शब्दाची पक्की, आणि उत्तमरावही नियमाचे पक्के. एकतीस वर्षं परिपत्रकं वाचलेल्या माणसाला पळवाट दिसत नाही असं होईल का?

पुढची तीन वर्षं रोज संध्याकाळी बुटका आणि वैदीण त्या राज्यात भेटत. लांडगे मारता मारता ती लिही, "प्रेशरची गोळी घेता का नियंत्रक?" हे लिहीत, "घेतो. तुमच्याकडे पाणी येतं का दोन्ही वेळ?" ती लिही, "घरी बोंबलाचं सुकं केलंय, जास्तच तिखट झालं." कधी ती नुसतीच झाडाखाली बसे आणि लिही, "आज ऑफिसात खूप रडायला आलं." तेव्हा उत्तमरावांना काय लिहावं ते समजत नसे. ते बुटक्याला तिच्या शेजारी नेऊन बसवत आणि कुऱ्हाड खाली ठेवत. बाप म्हणून एवढं त्यांना प्रत्यक्षात कधी जमलं नव्हतं.

गेल्या मार्चमध्ये कंपनीने ते जुनं राज्य बंद केलं. शेवटच्या दिवशी वैदिणीने लिहिलं, "नव्यात भेटू." आणि पडदा काळा झाला. तेव्हापासून वाट बघणं चालू होतं.

कल्याणला सान्वी नावाची एक मुलगी होती. ती येणाऱ्या खेळांबद्दल मराठीत व्हिडिओ करायची. नव्या ऑर्विन्डेलकडून काय अपेक्षा ठेवावी, यावर तिचे आतापर्यंत अकरा भाग झाले होते, आणि अकराही उत्तमरावांनी वहीत टिपून घेतले होते. तिसऱ्यांदा तारीख पुढे गेली त्याच आठवड्यात बारावा आला.

"काय मग लोक्स," सान्वी म्हणाली, "तारीख परत ढकललीये, मला माहितीये, मला शिव्या देऊ नका. पण माहिती जबरी आलेली आहे! एक, समुद्र येतोय, स्वतःची होडी घेता येणार. दोन, घर बांधता येणार. तीन, रानडुकरावर बसून फिरता येणार. आणि आता सगळ्यात मोठी गोष्ट. टाइप करून बोलायचं बंद! चॅटची चौकट उडवली. आता फक्त माइक. तुमचं पात्र कोणाच्या जवळ गेलं की तुमचा आवाज त्याला ऐकू येणार, लांब गेलं की बारीक होणार. एकदम खऱ्यासारखं! ज्यांना बोलायला लाज वाटते त्यांची वाट लागली, पण असू दे ना यार, कधीतरी तोंड उघडायला लागेलच की."

उत्तमरावांचं पेन तिथेच थांबलं. त्यांनी तेवढा भाग पुन्हा लावला, मग पुन्हा. होडी, घर आणि रानडुक्कर गेलं चुलीत. 'फक्त माइक' हे दोन शब्द तिन्ही वेळा तेच निघाले.

"गाढव आहेत!" ते गरजले. "चालू असलेली सोय काढून घेतात? समुद्र कोणी मागितला होता? डुक्कर कोणी मागितलं होतं?"

त्यांनी व्हिडिओखाली लिहिलं, 'ताई, ही माहिती खात्रीशीर आहे का? जबाबदार अधिकाऱ्याचं नाव कळवा.' सान्वीने उत्तरादाखल हसणारे तीन चेहरे टाकले. त्यावर उत्तमराव आणखी भडकले आणि थेट कंपनीला अर्ज लिहायला बसले. 'विषय : खेळात टाइप करून बोलण्याची सोय पूर्ववत चालू ठेवणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, अनेक ज्येष्ठ खेळाडू काही अपरिहार्य घरगुती कारणास्तव तोंडाने बोलू शकत नाहीत...' अर्ज दोन पानी झाला. मोबाईलकडून इंग्रजी करून घेतला आणि पाठवला. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं, ते परत मराठी करून घेतलं. 'तुमच्या उत्साहाबद्दल आभार! ऑर्विन्डेलमध्ये तुमचा आवाज ऐकायला आम्ही आतुर आहोत.'

अर्ध्या मिनिटात दोन पानं कोणी वाचतं का? डेपोच्या तक्रार वहीत निदान शेरा तरी मिळायचा.

कलावतीबाई दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या. नवरा कोणाशी खेळतो हे त्यांना पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं. लेकीनेच सांगितलेलं.

"टाइपच करायचंय ना," त्या म्हणाल्या, "मग मोबाईलवर करा की. नंबर देऊ?"

"ते वेगळं."

"काय वेगळं? तिथेही बोटंच, इथेही बोटंच. तुमची वाघजाई बोटांना काही बोलत नाही म्हणता ना?"

उत्तमरावांनी वही मिटली, उघडली, परत मिटली. "मोबाईलवर मी मी असतो," ते पुटपुटले.

"म्हणजे मध्ये देवी नाहीच," कलावतीबाई म्हणाल्या. "तुम्हीच आहात."

उत्तमरावांनी सान्वीचा बारावा भाग पुन्हा लावला.

पंधरा दिवसांनी कंपनीला उपरती झाली. जुन्या खेळाडूंना नवा खेळ चाचणी म्हणून उघडून मिळणार होता, शनिवारी दुपारी दोन ते पाच. उत्तमरावांना आमंत्रण आलं. कलावतीबाईंनी फोन ठेवता ठेवता भिंतीला सांगितल्यासारखं सांगितलं, "तिलाही आलंय. जाणारेय म्हणे."

उत्तमरावांनी डोंबिवलीतल्या दुकानातून माइकवाला हेडफोन आणला, आणि माइक बंद कसा करायचा ते दुकानदाराकडून दोनदा समजून घेतलं. दुकानदाराने असं गिऱ्हाईक पहिल्यांदाच पाहिलं असणार.

शनिवारी दोन वाजता ते बसले. खेळ उघडायला पाऊण तास लागला. उघडला तेव्हा त्यांच्या बुटक्याला पाय नव्हते. कमरेपासून वरचा भागच हवेत तरंगत होता. समुद्राच्या जागी निळी फरशी दिसत होती आणि रानडुकरं घरांच्या छपरांत अडकली होती. यासाठी तीन वेळा तारीख पुढे नेली? चौकात शेकडो लोक एकाच वेळी बोलत होते, हॅलो, हॅलो, कॅन यू हिअर मी, भाई कोई है क्या. उत्तमरावांच्या कानशिलात ठणका लागला. त्यांनी बुटक्याला तसाच तरंगत गर्दीच्या बाहेर एका विहिरीशी नेलं. माइकवर लाल काट मारलेली होती.

साडेतीनला हिरवा झगा दिसला.

"हॅलो? येतोय का आवाज?"

उत्तमरावांचे हात कीबोर्डवरून आपोआप खाली आले. सहा वर्षं त्यांनी जो आवाज मनात जपला होता, तो सव्वीस वर्षांच्या मुलीचा होता, भांडणाच्या दिवशीचा, चढलेला, धारेचा. हा आवाज खाली उतरलेला होता, थोडा जाड, थोडा दमलेला. सर्दी झाल्यासारखा. आपल्या मुलीचा आवाज आपल्या माघारी मोठा झाला, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

बुटक्याने मान हलवली. मान हलवणं, हात करणं, वाकून नमस्कार करणं, एवढ्या खुणा खेळात होत्या.

"पाय कुठे गेले तुमचे?" ती हसली. "माझा पण एक हात गायब आहे, बघा. काय फालतू बनवलंय ना?" बुटक्याने पुन्हा मान हलवली. "आई म्हणाली, हेडफोन आणलात. मग बोला ना. ऐकू येत नाहीये मला. डाव्या बाजूला लाल माइक दिसतोय का? त्याच्यावर क्लिक करा."

बुटका वाकला. मग सरळ झाला.

"वाकू नका ओ. क्लिक करा."

बुटक्याने हात केला.

"अच्छा," ती म्हणाली. "म्हणजे ते अजून चालूच आहे."

काहीतरी करायला हवं होतं, ताबडतोब. उत्तमरावांचं डोकं परिपत्रकावर चालावं तसं चाललं. शपथ काय होती? तुझ्याशी बोलणार नाही. तुझ्याशी. पण सगळ्यांशी बोललं तर? कोणाही एकाशी नाही, नुसतीच घोषणा? त्यांनी लाल काट काढली, घसा खाकरला आणि एकतीस वर्षं डेपोभर घुमलेल्या त्या आवाजात सुरू केलं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. खोपट आगाराचे नियंत्रक यांची प्रकृती ठीक असून, कोपरीच्या प्रवाशांनी आपल्या तब्येतीबाबत विहिरीजवळ..."

"बाबा."

ते थांबले.

"मी काय पब्लिक आहे का?"

चौकातून कोणीतरी हसलं. दुसरं कोणी हिंदीत म्हणालं, "अंकल, फिर से बोलो."

"आईशप्पथ सांगते," शिवानी म्हणाली, "मला हा गेम आवडत पण नाही. मी लग्नानंतर सोडलेला. माझ्या जुन्या टोळीतल्या एकाने कळवलं, कोणी खोपटवाला आलाय म्हणून, तेव्हा परत डाउनलोड केलेला. तीन वर्षं मी एका बुटक्याला सांगितलं मला काय होतंय ते. मला वाटलेलं, एक दिवस तुम्ही थकाल. तुम्ही नाही थकलात, मी थकले. मी आता नाही येणार. समुद्र येऊ दे नाहीतर अजून काही येऊ दे."

हिरवा झगा जागच्या जागी विरून गेला. विहिरीशी अर्धा बुटका तेवढा तरंगत राहिला.

"हरामखोर!" उत्तमराव ओरडले. "अक्कल गहाण टाकलीय सगळ्यांनी! चौकट ठेवली असती तर काय बिघडत होतं? एक चौकट! एवढीशी!"

कलावतीबाई मेथीची जुडी हातात घेऊनच आत आल्या. "कोणावर ओरडताय?"

"कंपनीवर."

"ऐकते का ती?"

उत्तमरावांनी हेडफोन काढला. डोकं दुखत होतं, चेहरा तापला होता आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. ते त्यांनी पुसलंही नाही. सगळा जन्म नियमात राहून वाट काढली, आणि आता नियमही संपले आणि वाटही संपली.

"फोन दे तुझा," ते म्हणाले.

कलावतीबाईंनी फोन त्यांच्या हातात ठेवला. वाघजाईला जे करायचं ते करू दे, बैल घे म्हणावं, गोठा घे. शिवानीचं नाव शोधून त्यांनी बटण दाबलं. चार वेळा रिंग वाजली.

"बोल गं आई," ती म्हणाली. नाक चोंदलेलं. रडत असावी.

"आई नाही," उत्तमराव म्हणाले. "मी बोलतोय. शिवानी, मी."

फोन कट झाला असं वाटून त्यांनी तो कानापासून दूर धरून पाहिला. आणि मग किंकाळीच आली.

"काय झालं? आई कुठेय? आईला काय झालं?"

"काही नाही, अगं..."

"खोटं बोलू नका! कुठल्या हॉस्पिटलला आहात? आत्ता दुपारपर्यंत तर बरी होती ना ती! नेविल! नेविल, बाईक काढ, आईला काहीतरी झालंय, बाबांचा फोन आलाय!"

"शिवानी, ऐक, कोणाला काही झालेलं नाही..."

"मग तुम्ही कशाला फोन केला असता?"

मागे नेविलचा आवाज येत होता, किल्ली कुठेय म्हणून विचारत होता, काहीतरी पडल्याचा आवाज झाला. सहा वर्षं बापाने आवाज आवरून धरला, आणि आज तो फोनवर ऐकताच पोरीला वाटलं की घरात कोणी गेलं. हे आपण केलं, उत्तमरावांना वाटलं. कोणत्या देवीने नाही, कोणत्या कंपनीने नाही.

कलावतीबाईंनी फोन ओढून घेतला. "अगं ए वेडे, मी इथे मेथी निवडतेय. धडधाकट आहे. हो, हे बघ, बोलतेय ना मी? नेविलला म्हणावं, चप्पल काढ. हो. हो गं, खरंच सहज केला त्यांनी. मला काय माहीत, तूच विचार." मग बराच वेळ त्या नुसत्याच हं हं करत राहिल्या. शेवटी त्यांनी फोन परत नवऱ्याच्या कानाला लावला.

शिवानी हुंदके देत होती, आणि रागावलीही होती. "असं घाबरवतात का कोणाला?" ती म्हणाली.

"चुकलं," उत्तमराव म्हणाले. आणखी काही बोलायला गेले, पण पुन्हा तेवढंच आलं, "चुकलं माझं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. कलावतीबाई फोन धरून तशाच उभ्या होत्या, मेथीची पानं जमिनीवर सांडली होती.

"उद्या करू का परत?" उत्तमरावांनी विचारलं.

"करा," शिवानी म्हणाली. "पण आधी आईला बोलू द्या. मग तुम्ही घ्या. म्हणजे मला भीती नाही वाटणार."